‘३०० डीपीआय करून दिलाय’ म्हणजे नक्की काय केलंय?

आमच्या फोटो लॅबच्या काउंटरवर पेन ड्राइव्ह ठेवताना बरेच जण ठासून सांगतात, “फोटो ३०० डीपीआयचा आहे हं.” माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, “पिक्सेल किती?” इथे समोरचा गडबडतो, कारण त्याच्या लेखी दोन्ही एकच.

पिक्सेल हा फोटोतला खरा ऐवज. १२ मेगापिक्सेलच्या फोनने ४००० × ३००० ठिपके टिपले, की फाइलमध्ये माल तेवढाच. डीपीआय ही त्या मालावर चिकटवलेली चिठ्ठी, की छापताना एका इंचात इतके पिक्सेल बसवा. कणकेचा गोळा तोच असतो, पोळी परातीएवढी लाटायला गेलात तर भोकं पडणारच.

मध्यंतरी एक काका वडिलांचा फोटो घेऊन आले. वर्षश्राद्धाला १२ बाय १८ची फ्रेम हवी होती. फाइलवर ३०० डीपीआय अगदी व्यवस्थित लिहिलेलं, पण पिक्सेल १२०० × १६००. फॅमिली ग्रुपवर फिरून आलेल्या फोटोचं हे नेहमीचं माप. १६०० पिक्सेल १८ इंचांत पसरले की इंचाला जेमतेम ८९ येतात. मोठा करून दाखवला तर चष्म्याच्या काडीला पायऱ्या, आणि कानाजवळचे केस म्हणजे नुसता करडा पट्टा.

भाच्याने फोटोशॉपमध्ये ७२चे ३०० केले होते. ‘रीसँपल’ची खूण काढून हा आकडा बदलला, की फक्त चिठ्ठी बदलते, पिक्सेल होते तेवढेच राहतात. खूण ठेवून बदलला तर १६००चे ६६६७ होतात खरे, फाइलही फुगते, पण वाढलेले पिक्सेल सॉफ्टवेअरने अंदाजाने भरलेले असतात. केस त्यातून उगवत नाहीत.

शेवटी मूळ फोटो सापडला पुतणीच्या फोनमध्ये. तिने तो डॉक्युमेंट म्हणून पाठवला, म्हणजे पिक्सेल कमी न होता आला, ३००० × ४०००. कागदाच्या मापात बसवायला बाजू थोड्या कापाव्या लागल्या, तरी इंचाला २२२ मिळाले. भिंतीवरच्या फ्रेमला तेवढे पुरतात. ३००चा आग्रह हातात धरून फूटभरावरून बघायच्या फोटोसाठी, कारण त्याहून बारीक तपशील तिथून डोळ्याला फारसा वेगळा दिसत नाही. चौकातल्या फ्लेक्सला तर ७२सुद्धा खूप झाले. १० बाय २० फुटांचा फ्लेक्स ३००ने करायचा म्हटलं तर फाइल ३६,००० × ७२,००० पिक्सेलची होईल आणि डिझायनरचा कॉम्प्युटर मान टाकेल.

खरं तर फाइलच्या बाबतीत पीपीआय, म्हणजे इंचाला पिक्सेल, म्हणायला हवं. डीपीआय म्हणजे इंचाला डॉट, हे प्रिंटरच्या शाईच्या ठिपक्यांचं माप. इंकजेटच्या खोक्यावर १४४० किंवा ५७६० लिहिलेलं असतं ते हेच, कारण एका पिक्सेलचा रंग जमवायला शाईचे अनेक बारीक ठिपके लागतात. तो आकडा बघून कुणी फाइल १४४०ची करू नये. बोलताना मात्र सगळेच डीपीआय म्हणतात, मीही म्हणतो.

तेव्हा फ्रेम करायला येण्याआधी फोनमध्ये फोटोचे डिटेल्स उघडा आणि लांब बाजूच्या पिक्सेलना २००ने भागा. जेवढं उत्तर येईल तेवढ्या इंचांपर्यंत बिनधास्त ऑर्डर द्या.