क्ष-किरण (एक्स-रे) : शोध आणि त्यामागचं फिजिक्स

क्ष-किरण म्हणजे प्रकाशासारख्याच विद्युतचुंबकीय लहरी, फक्त तरंगलांबी खूपच कमी, ढोबळमानाने ०.०१ ते १० नॅनोमीटर. गणितात अज्ञात राशीला 'क्ष' धरतात, तसंच जर्मन भौतिकशास्त्रज्ञ रॉन्टगेनने या अनोळखी किरणांना एक्स म्हटलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

विल्हेल्म रॉन्टगेनने हे किरण जर्मनीतल्या वुर्झबर्गला शोधले. तारीख सहसा ८ नोव्हेंबर १८९५ देतात, पण त्याची प्रयोगाची कागदपत्रं त्याच्याच इच्छेनुसार मृत्यूनंतर जाळली गेली, त्यामुळे त्या संध्याकाळचा तपशील नंतरच्या हकिगतींवरून जुळवलेला आहे हे लक्षात ठेवलेलं बरं. पक्कं असं म्हणजे डिसेंबर अखेरचा त्याचा निबंध. हवा काढलेल्या, काळ्या पुठ्ठ्याने झाकलेल्या काचेच्या नळीतून विजेचा डिस्चार्ज सोडला की बेरियम प्लॅटिनोसायनाइडचा (किरण पडले की चमकणाऱ्या रसायनाचा) लेप दिलेला कागद चमकतो, अगदी दोन मीटरवर असला तरी, असं त्यात लिहिलंय.

आता श्रेयाचा वाद. फिलाडेल्फियात भौतिकशास्त्रज्ञ गुडस्पीड आणि फोटोग्राफर जेनिंग्ज यांच्या फोटोच्या प्लेटवर १८९० मध्येच नाण्यांच्या सावल्या उमटल्या होत्या, पण त्या कशाच्या हे १८९६ पर्यंत कळलंच नाही. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ लेनार्डचं प्रकरण जास्त कडू, कॅथोड किरण (अशा नळीतला इलेक्ट्रॉनचा झोत) नळीबाहेर काढून त्यांचा अभ्यास तो आधीपासून करत होता आणि आपल्याला डावललं ही खंत त्याने शेवटपर्यंत सोडली नाही. पण कॅथोड किरण हवेत काही सेंटीमीटरच जातात आणि चुंबकाने वळतात, क्ष-किरण दूरवर जातात आणि वळत नाहीत, आणि हा फरक मोजून मांडला रॉन्टगेनने, म्हणून त्यालाच श्रेय देणं योग्य वाटतं. फिजिक्सचं पहिलं नोबेलही १९०१ मध्ये त्यालाच मिळालं. बायकोच्या हाताचा अंगठीसकट फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतोच.

किरण तयार कसे होतात? तापलेल्या फिलामेंटमधून (बारीक तारेतून) निघालेले इलेक्ट्रॉन हजारो व्होल्टच्या दाबाने टंगस्टनच्या टार्गेटवर आपटतात (ही गरम फिलामेंटची नळी अमेरिकन शास्त्रज्ञ कूलिजची, १९१३ ची, त्याआधी नळीतल्या उरल्यासुरल्या गॅसवर भिस्त होती आणि तिचा काही भरवसा नसायचा). अणुकेंद्राजवळ वळताना इलेक्ट्रॉनचा वेग कमी होतो आणि गेलेली ऊर्जा फोटॉन (प्रकाशाचा कण) म्हणून निघते, ती दर वेळी कमी-जास्त असते, म्हणून स्पेक्ट्रम (ऊर्जांचा पट्टा) सलग असतो. १०० किलोव्होल्ट लावले तर कुठल्याच फोटॉनची ऊर्जा १०० केईव्हीच्या (किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचं एकक) वर जात नाही. आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडाला तर त्याची जागा भरताना ठरावीक ऊर्जेचे फोटॉन निघतात, टंगस्टनसाठी ५९ केईव्हीच्या आसपास. एवढं करून साधारण १ टक्का ऊर्जाच किरणांत जाते, बाकी सगळी उष्णता, म्हणून तर टार्गेट गरागरा फिरवतात.

हाड पांढरं दिसतं ते कॅल्शियममुळे. फोटोइलेक्ट्रिक शोषण (अणूने अख्खा फोटॉन गिळणं) अणुक्रमांकाच्या जवळपास घनाच्या प्रमाणात वाढतं आणि फोटॉनची ऊर्जा वाढली की तसंच झपाट्याने घटतं, मग व्होल्टेज चढवलं की कॉम्प्टन विखुरण (फोटॉन इलेक्ट्रॉनवर आपटून दिशा बदलणं) वरचढ होतं आणि हाड-मांसातला फरक फिका पडतो. फिल्मवर जिथे किरण पोचतात तिथे काळं, अडतात तिथे पांढरं, म्हणजे एक्स-रे हा सावलीचा निगेटिव्हच.