नैवेद्याचे पोषणमूल्य

देवाला दाखवून नंतर प्रसाद म्हणून खाल्ल्या जाणाऱ्या अन्नाचे आहाराच्या दृष्टीने असलेले मोल. तळहातावरचा शिरा आणि सणाचे वाढलेले पान यांची गल्लत केली की या विषयात अतिशयोक्ती सुरू होते. पहिला घासभर असतो. दुसरे घरातल्यांचे त्या दिवसाचे जेवणच.

महाराष्ट्रात पुरणावरणाच्या नैवेद्याला मोठा मान आहे. हरभऱ्याच्या डाळीत वजनाच्या सुमारे २० टक्के प्रथिने असतात. गव्हातील प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांचा एक घटक, कमी, डाळीत ते भरपूर. डाळीत मेथिओनिन हे दुसरे अमिनो आम्ल कमी, ती उणीव गहू भरून काढतो. त्यामुळे पुरणपोळीतली प्रथिने नुसत्या गव्हाच्या पोळीपेक्षा सरस ठरतात. वरण-भाताचेही तेच. डाळ शिजवलेले पाणी, म्हणजे कट, टाकून न देता त्याची आमटी करतात, ही या स्वयंपाकातली खरी हुशारी. पाण्यात उतरलेली ब गटातील काही जीवनसत्त्वे आणि पोटॅशियम त्यातून पानात परत येतात. गुळाचे कौतुक मात्र बेताने करावे. त्यात थोडे लोह असते, पण शरीराच्या हिशेबी तो मुख्यतः साखरच.

पोषणाच्या कसोटीवर सर्वांत उजवी ठरते ती गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशीची ऋषिपंचमीची भाजी. बैलाच्या श्रमाचे काही खायचे नाही, या नियमामुळे ताटातून गहू-तांदूळ जातात आणि परसातली अळूची पाने, माठ, लाल भोपळा, पडवळ, भेंडी, सुरण, मक्याची कणसे एका पातेल्यात येतात. तंतू, फोलेट हे ब गटातील जीवनसत्त्व आणि शरीरात ज्याचे अ जीवनसत्त्व होते ते बीटा-कॅरोटीन यांची अशी गर्दी एरवीच्या जेवणात क्वचितच दिसते. अळूतील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुयांनी घसा खवखवतो, म्हणून चिंच किंवा आंबट चुका घालतात. अनेक घरी ही भाजी बिनतेलाची असते. कॅरोटीन अंगी लागायला थोडा स्निग्धांश हवा. तो ओल्या खोबऱ्यातून मिळतो.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि पावटा, हरभऱ्याचे सोले, गाजर, वांगे अशी मिसळीची भाजी करतात. सालीसकटच्या १०० ग्रॅम तिळात कॅल्शियम १,००० मिलिग्रॅमच्या आसपास किंवा अधिक असते. ते बहुतांशी सालीत असते, तेही ऑक्झलेटशी बांधलेले; त्यामुळे सगळे शरीराला मिळत नाही, आणि पांढऱ्याशुभ्र सोललेल्या तिळात तर ते फारच घटते. गुढीपाडव्याची कडुनिंबाची चटणी चिमूटभर खातात. तिच्याकडून औषधाची अपेक्षा करू नये.

सत्यनारायणाच्या शिऱ्यात रवा, तूप आणि साखर सव्वा मापाने समसमान घेतात. वजनाने समान धरल्यास निम्मी किंवा त्याहूनही थोडी अधिक ऊर्जा एकट्या तुपातून येते. द्रोणात एक मूद वाढण्याची रीत म्हणूनच बरी. हल्ली हाच शिरा वाटीवाटीने वाढला जातो. मधुमेह असलेल्यांनी तो मोजूनच घ्यावा.

दूध, दही, तूप, मध आणि साखर यांचे पंचामृत तीर्थाइतकेच घेतले जात असल्याने त्याचे पोषण नगण्य. मात्र त्यातल्या मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. एक वर्षाखालील बाळाच्या आतड्यात ते वाढून विषबाधा होण्याचा धोका असतो. म्हणून तान्ह्याच्या जिभेवर पंचामृताचे बोटही ठेवू नये.