बिननावाच्या बिंदूंचं कोडं

डेटा एका फॉरमॅटमधून दुसऱ्या फॉरमॅटमध्ये न्यायचा म्हणजे ‘सेव्ह अ‍ॅज’ दाबलं की झालं, असं चांगले शिकलेले लोकही बिनधास्त म्हणतात. एक्सेलची फाईल साध्या मजकुरात काढून परत उघडली की तारखा उलटसुलट होतात आणि आकड्यांपुढची शून्यं गायब होतात, हे यातल्या बहुतेकांनी अनुभवलेलं असतं. तरी समज कायम. या समजुतीला सगळ्यात सुंदर उत्तर लिंक्ड डेटाच्या जगात सापडतं, म्हणून हा लेख.

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी २००६ मध्ये एका टिपणात लिंक्ड डेटाची कल्पना मांडली. प्रत्येक वस्तूला वेबवरचा एक पत्ता द्या, त्या पत्त्यावर गेलं की उपयोगी माहिती मिळू द्या, आणि त्या माहितीतून इतर पत्त्यांकडे दुवे जाऊ द्या. माहिती लिहायची ती तीन भागांच्या छोट्या विधानांत: कोणाबद्दल, कोणता गुणधर्म, काय किंमत. या पद्धतीचं नाव आरडीएफ. तिचं पहिलं प्रमाण १९९९ चं, आणि १.१ ही आवृत्ती २०१४ ची. विकिडेटा या विकिपीडियाच्या भावंड असलेल्या मुक्त माहितीसाठ्यात महाराष्ट्राचा क्रमांक क्यू११९१ आहे, मुंबईचा क्यू११५६, आणि ‘राजधानी’ या गुणधर्माचा पी३६. ‘क्यू११९१, पी३६, क्यू११५६’ हे एक पूर्ण विधान झालं.

सरळ नावं लिहायची सोडून हे क्रमांक कशाला? कऱ्हाडचं उदाहरण घ्या. एक जण ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून ते टाइप करतो. दुसरा साधा ‘र’, त्याला हलन्त आणि पुढे डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह देतो. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र त्या अक्षरांच्या दोन वेगळ्या माळा आहेत, आणि युनिकोडचं प्रमाणीकरण चालवूनही त्या एक होत नाहीत. नावावरून जुळणी करणाऱ्या प्रत्येक यादीत मग कऱ्हाड दोनदा येतं, कोणी ‘कराड’ लिहिलं तर तिसऱ्यांदा. पत्ता एकच असला तर नावं हवी तितकी असू द्यात, काही बिघडत नाही.

आता मुख्य गोष्ट. पायथन भाषेत आरडीएफलिब नावाची एक मुक्त लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संग्रह, आहे. तिला फाईल दिली की ती फाईल वाचते, तिच्यातली विधानं सुटी करते आणि एका संचात ठेवते. शाळेत शिकलो तोच संच: त्यात क्रम नसतो आणि एकच घटक दोनदा नसतो. फाईल संपली, उरली फक्त विधानं. त्यानंतर तोच संच टर्टल, एन-ट्रिपल्स, जेसन-एलडी किंवा आरडीएफ/एक्सएमएल यांपैकी हव्या त्या रूपात लिहून मागायचा. वाचायला एक ओळ, लिहायला एक ओळ. मूळ फाईलमधल्या टिपा, ओळींचा क्रम, रिकाम्या जागा हे सगळं वाटेत गळतं आणि ते गळणं योग्यच आहे, कारण डेटा म्हणजे ती विधानं आणि त्यांच्याशिवाय दुसरं काही नाही. दोन संस्थांच्या फायली एकाच संचात वाचल्या तर पत्ते जुळतात तिथे माहिती आपोआप जोडली जाते. कोणत्या रकान्याला कोणता रकाना जोडायचा, हा प्रश्नच येत नाही.

इतकं सोपं असेल तर कोडं कुठे आहे? ते आहे ब्लँक नोडमध्ये, म्हणजे बिननावाच्या बिंदूत. मला या सगळ्या विषयात सर्वांत आवडणारी जागा हीच.

समजा, एका वाचनालयाबद्दल चार विधानं आहेत. पहिलं त्याच्या नावाचं. दुसरं, त्याला एक टपाली पत्ता आहे. तिसरं, त्या पत्त्याची पेठ सदाशिव. चौथं, त्या पत्त्याचा पिनकोड ४११०३०. या टपाली पत्त्याला स्वतःची वेबवरची ओळख कोण देत बसणार? म्हणून तो बिननावाचा ठेवतात: ‘कोणतातरी एक पत्ता आहे, ज्याची पेठ ही आणि पिन हा.’ फाईलमध्ये त्याला कामापुरती एक खूण दिलेली असते, पण ती खूण त्या फाईलपुरतीच खरी. आता हीच फाईल आरडीएफलिबमध्ये एकाच संचात दोनदा वाचून पाहा. विधानं चारच राहतील असं वाटतं. होतात सात. नावाचं विधान दुसऱ्यांदा आलं तेव्हा संचाने ते ओळखलं आणि सोडून दिलं. बिननावाच्या बिंदूला मात्र दुसऱ्या वाचनात नवी खूण मिळाली, त्यामुळे त्याची तिन्ही विधानं नवीन ठरली. आरडीएफलिब इथे चुकत नाही. दोन ‘कोणतातरी’ एकच आहेत असं गृहीत धरण्याचा तिला अधिकारच नाही.

मग रूपांतर बरोबर झालं की नाही, हे तपासायचं कसं? जुन्या आणि नव्या फाईलची ओळीगणिक तुलना केली तर सगळंच बदललेलं दिसतं. खरा प्रश्न असा असतो: एका संचातल्या बिंदूंच्या खुणा बदलून दुसरा संच तंतोतंत मिळवता येतो का? सगळ्या जोड्या लावून पाहायच्या म्हटल्या तर दहा बिंदूंसाठी ३६,२८,८०० शक्यता होतात. वीस बिंदूंसाठी सुमारे २४ वर सतरा शून्यं.

यावरची युक्ती अशी. लग्नाच्या जुन्या फोटोतली अनोळखी माणसं आपण नात्यांवरून ओळखतो, तसे हे बिंदू त्यांच्या शेजाऱ्यांवरून ओळखायचे. पहिल्या फेरीत प्रत्येक बिंदूभोवतीची विधानं घ्यायची, त्यांतल्या बिननावाच्या जागी एकच ठरावीक चिन्ह ठेवायचं आणि त्या सगळ्याचा शा-२५६ पद्धतीने एक हॅश, म्हणजे २५६ बिटांचा ठसा काढायचा. मजकुरात एक अक्षर बदललं तरी ठसा पार बदलतो. दुसऱ्या फेरीत शेजारचे बिननावाचे बिंदू त्यांच्या पहिल्या फेरीतल्या ठशांनी ओळखायचे आणि पुन्हा ठसे काढायचे. प्रत्येक फेरीत माहिती एक पाऊल लांबून येते आणि आधी सारखे वाटणारे बिंदू वेगळे होत जातात. नवीन फूट पडेनाशी झाली की थांबायचं. बहुतेक खऱ्या डेटात इथेच काम संपतं: प्रत्येक बिंदूला फाईलवर अवलंबून नसलेली खूण मिळते आणि दोन्ही संचांची थेट तुलना करता येते.

काही ठिकाणी तिढा सुटत नाही. चार बिंदूंचं एक कडं घ्या, ज्यात प्रत्येक जण पुढच्याचा फक्त ‘शेजारी’ आहे. चौघांचे ठसे कायम सारखेच राहणार. तेव्हा एकाला मुद्दाम वेगळं चिन्ह देतात आणि फेऱ्या पुन्हा चालवतात. मग बाकीचेही सुटे होतात. हे प्रत्येकासाठी करून पाहायचं आणि आलेल्या उत्तरांतलं क्रमाने सर्वांत लहान असेल ते पक्कं धरायचं. मुळात हा प्रश्न गणितातल्या आलेखांच्या, म्हणजे बिंदू आणि रेषांच्या जाळ्यांच्या, समरूपतेइतकाच अवघड आहे. त्यावर लास्लो बाबाई यांनी २०१५ मध्ये मोठी प्रगती जाहीर केली, पण बहुपदी वेळात चालणारी, म्हणजे बिंदू वाढले तरी वेळ आवाक्यात ठेवणारी, सर्वसाधारण रीत आजही कोणाकडे नाही. वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने मे २०२४ मध्ये आरडीएफ डेटाला एकमेव प्रमाणरूप देण्याची पद्धत शिफारस म्हणून प्रसिद्ध केली, तिचा गाभाही अशा ठशांचाच आहे. डिजिटल प्रमाणपत्रावर सही करायची तर फाईलची मांडणी बदलली तरी सही टिकायला हवी, म्हणून हे प्रमाणरूप लागतं.

लिंक्ड डेटामुळे ‘संगणकाला अर्थ कळतो’ अशी जाहिरात वर्षानुवर्षं चालू आहे. ती खोटी आहे. संगणकाला पी३६ म्हणजे राजधानी हे कळत नाही, तो फक्त पत्ते जुळवतो, आणि त्याची ताकद त्या काटेकोर जुळवणीतच आहे. म्हणूनच रूपांतराचं काम चॅटबॉटवर सोपवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: त्याने दिलेली फाईल छान दिसेल, पण हजार विधानांतलं एक गळलं तर नजरेला ते दिसणार नाही. आरडीएफलिबच्या तुलना विभागात दोन संच समरूप आहेत का हे विचारता येतं, आणि नसतील तर नेमकी कोणती विधानं कमीजास्त आहेत तेही काढता येतं. फाईल कोणीही बनवलेली असो, ही तपासणी कराच.

वापरायला बसलात तर तीन ठिकाणी जपा. एक, कोणतं विधान कोणत्या स्रोतातून आलं हे वेगळ्या गटांत ठेवलं असेल तर टर्टलमध्ये गटांना जागा नाही. तिथे ट्रिग किंवा जेसन-एलडी घ्या. दुसरं, गुणधर्माच्या पत्त्याचा शेवट नुसत्या आकड्यांचा असेल तर आरडीएफ/एक्सएमएल तो लिहू शकत नाही, कारण एक्सएमएलमधलं नाव आकड्याने सुरू होत नाही. तिसरं, आरडीएफलिब आकड्यांना आपणहून प्रमाण रूप देते. पुण्याचा एसटीडी कोड ०२० तुम्ही पूर्णांक म्हणून नोंदवला, तर वाचताक्षणी त्याचा २० होतो. हे वागणं सेटिंगमधून बंद करता येतं, पण मुळात एसटीडी कोडची बेरीज कोणी करत नाही, तेव्हा तो मजकूर म्हणूनच नोंदवा.