दहा टक्क्यांचा नियम आणि एआयचा पेच

पीएचडीचा प्रबंध सादर करायची वेळ आली की विद्यार्थी आधी प्लेजरिझम रिपोर्टच्या, म्हणजे वाङ्मयचौर्य तपासणीच्या अहवालाच्या मागे लागतो. आधीच्या लेखनाशी साम्य दहा टक्क्यांच्या आत आलं की जीव भांड्यात पडतो. अलीकडे त्या रिपोर्टच्या जोडीला एआय वापरलं का, कुठे आणि किती, हेही विचारलं जाऊ लागलं आहे. अनेक गाईड इथे अडखळतात आणि त्यात त्यांचा दोष नाही. आपली तपासणीची सगळी व्यवस्था उभी राहिली ती वेगळ्याच चोरीला, दुसऱ्याचा मजकूर उचलण्याला, आळा घालण्यासाठी.

2002 साली कुमाऊँ विद्यापीठाच्या तत्कालीन कुलगुरूंवर स्टॅनफर्डमधल्या संशोधनातला मजकूर उचलल्याचा आरोप झाला आणि प्रकरण थेट राष्ट्रपतींपर्यंत गेलं. चौकशीनंतर कुलगुरूंना पद सोडावं लागलं. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2009च्या पीएचडी विनियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं बंधनकारक केलं आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राच्या ‘शोधगंगा’ या ऑनलाइन भांडारात देशभरातले प्रबंध जमू लागले. कपाटात धूळ खात पडणारा प्रबंध आता कुणालाही उघडून पाहता येऊ लागला.

मात्र त्याच सुमारास, 2010 पासून, प्राध्यापकांच्या बढत्या एपीआयच्या, म्हणजे शैक्षणिक कामगिरी मोजणाऱ्या निर्देशांकाच्या गुणांना बांधल्या गेल्या. छापील पेपरला गुण, म्हणून पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं बोकाळली. 2018 साली पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या अभ्यासकांनी यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीतल्या, विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांचा नमुना तपासला, तेव्हा 88 टक्क्यांहून अधिक नियतकालिकांचा दर्जा संशयास्पद निघाला. माझ्या मते आजच्या पेचाचं मूळ या गुणांच्या शर्यतीत आहे. एआय नंतर आलं.

त्याच वर्षी जुलैत यूजीसीचे वाङ्मयचौर्यविरोधी विनियम आले. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. 10 ते 40 टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यायचा, 40 ते 60 टक्के असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही आणि 60च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. संदर्भसूची, ऋणनिर्देश, श्रेय देऊन घेतलेली अवतरणं यातून वगळलेली आहेत. सलग चौदा शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्यही धरायचं नाही, इतका बारकावा त्यात आहे. 2019 मध्ये ‘शोधशुद्धी’ योजनेतून विद्यापीठांना उरकुंड ही साम्य तपासणारी स्वीडिश प्रणाली मिळाली. पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये संशोधन आणि प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रमही सक्तीचा झाला.

शब्द मोजणारं यंत्र आलं, तशी शब्द बदलून देणारी यंत्रंही आली. 2021 साली फ्रेंच संगणकशास्त्रज्ञ गिलॉम कबानाक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी छापील शोधनिबंधांत विचित्र शब्दप्रयोग शोधून काढले. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ऐवजी ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’, ‘ब्रेस्ट कॅन्सर’ऐवजी ‘बुझम पेरिल’! पॅराफ्रेज करणाऱ्या, म्हणजे तेच वाक्य वेगळ्या शब्दांत मांडणाऱ्या सॉफ्टवेअरनं प्रत्येक शब्दाला प्रतिशब्द ठोकला होता. साम्य शून्याजवळ आणि वाक्याला अर्थ नाही. संपादक आणि परीक्षकांच्या नजरेखालून हे पेपर गेले होते, याचं मला आजही वाईट वाटतं.

मराठी प्रबंधांची अडचण आणखी निराळी. कित्येक जुने प्रबंध युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप झालेले आहेत. त्यातला मजकूर कॉपी केला की देवनागरीऐवजी रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी हाती येते. काही प्रबंध नुसते स्कॅन केलेले. अशा मजकुराशी तुलनाच नीट होत नाही, त्यामुळे मराठी प्रबंधाच्या कमी टक्केवारीवर डोळे झाकून विसंबता येत नाही.

30 नोव्हेंबर 2022ला चॅटजीपीटी आलं आणि साम्य न ठेवता अर्थपूर्ण वाक्यं लिहिणं कुणालाही जमू लागलं. जानेवारी 2023 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकानं स्पष्ट केलं की एआय लेखक होऊ शकत नाही, कारण लेखकपणासोबत येणारी जबाबदारी त्याला घेता येत नाही, वापर मात्र उघड सांगावा. ‘सायन्स’ या दुसऱ्या नियतकालिकानं आधी पूर्ण बंदी घातली आणि त्याच वर्षी ती सैल केली.

एआयचा मजकूर ओळखण्याची साधनंही लगोलग निघाली. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयच्या स्वतःच्या साधनानं एआयनं लिहिलेल्यातला केवळ 26 टक्के मजकूर ओळखला, तर माणसांनी लिहिलेला 9 टक्के मजकूर एआयचा ठरवला. जुलै 2023 मध्ये कंपनीनं ते मागे घेतलं. स्टॅनफर्डच्या संशोधकांना तर असं दिसलं की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले निम्म्याहून अधिक निबंध ही साधनं एआयचे ठरवत होती. मराठी माध्यमातून शिकून साध्यासोप्या इंग्रजीत प्रबंध लिहिणाऱ्या मुलीला नुसत्या एआय स्कोअरवरून दोषी धरणं म्हणूनच घोर अन्यायाचं आहे.

खरी पकड संदर्भसूचीत आहे. एआय अस्सल वाटणारे लेखक, खंड आणि पृष्ठक्रमांक रचून देतं. डीओआय, म्हणजे प्रत्येक पेपरचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक, उघडून पाहिला की पेपर निघतच नाही किंवा भलताच निघतो. ही तपासणी गाईडला चहा संपेपर्यंत करता येते.

2018च्या विनियमांत एआयचा उल्लेख नाही. दुसऱ्याचं काम वा कल्पना आपली म्हणून मांडणं, ही त्यातली वाङ्मयचौर्याची व्याख्या. यंत्रानं लिहिलेला मजकूर तिच्यात बसतो का, हे त्या शब्दांवरून ठरत नाही. ते ठरेपर्यंत विद्यार्थ्याच्या हाती एवढं आहे: कोणतं साधन, कोणत्या प्रकरणात, भाषा सुधारायला की मजकूर लिहायला वापरलं, हे प्रबंधातच लिहून ठेवणं आणि आधीचे कच्चे मसुदे जपून ठेवणं.