लेकरू कधी बसतं, कधी चालतं, कधी बोलतं आणि दवाखाना कधी गाठायचा (आमच्या गिऱ्हाइकांसाठी)

आमच्या दुकानात पाळणे, झबली-टोपडी, दुपटी, खुळखुळे, पांगुळगाडे असं लेकरांचं सगळं सामान मिळतं, फक्त वॉकर मिळत नाही. रोज कोणी ना कोणी विचारतंच, "लेकरू सालभराचं झालं, अजून पाय टाकीना, एक वॉकर द्या की." आम्ही नाही म्हणलं की माणूस दुसऱ्या दुकानात जातो, जाऊ द्या, पण बाजाराच्या गर्दीत उभ्या उभ्या सगळं सांगता येत नाही म्हणून हा कागद छापलाय. सामानाच्या पिशवीत टाकतोय आणि ज्यांचा नंबर आहे त्यांना व्हॉट्सॲपवर पण पाठवतोय. आजीला वाचून दाखवा, घरात लेकरावर सगळ्यात जास्त नजर तिचीच असती.

आधी वॉकरचं संपवू. त्यात लेकरू मधल्या सीटवर लटकून बसतं आणि पायाच्या चवड्यांनी ढकलत घरभर पळतं, स्वतःचा तोल धरायची वेळच त्याच्यावर येत नाही, त्यामुळं चालणं लवकर येणं सोडा, उलट थोडं लांबतं. शिवाय ओट्यावरून, पायरीवरून सरळ खाली, नाहीतर चहाच्या पातेल्यापर्यंत हात. कॅनडानं तर २००४ पासून वॉकर विकायलाच बंदी घातलीय. पांगुळगाडा वेगळा. तिथं लेकरू आपल्या पायावर उभं राहून गाडा पुढं ढकलतं. तो पण लेकरू धरून उभं राहायला लागल्यावरच द्यायचा आणि मागं एक माणूस पाहिजेच, गाडा पुढं पळाला की लेकरू तोंडावर पडतं.

आता वर्षाचं लेकरू चालत नाही म्हणजे काही बिघडलंय का? बहुतेक वेळा नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांतल्या निरोगी लेकरांवर नजर ठेवून (त्यात आपल्या दिल्लीची पण होती) २००६ साली जे मांडलं त्यात एकट्यानं चालणं साधारण आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत कधीही आलेलं दिसलं. बिनआधाराचं बसणं पावणेचार महिन्यांपासून सव्वानऊ महिन्यांपर्यंत, रांगणं पाच ते साडेतेरा, आणि शंभरातली चारेक लेकरं तर हातागुडघ्यावर रांगलीच नाहीत, बुडावर सरकत सरकत एकदम उभीच राहिली. तेव्हा जावेचं लेकरू दहाव्या महिन्यात पळायलं म्हणून तुमचं मागं पडलं असं होत नाही. पण दुसरं टोक पण तेवढंच पक्कं धरा. नऊ महिने उलटले आणि बिनआधाराचं बसत नाही, दीड वर्ष पूर्ण झालं आणि एकटं चालत नाही, की मग "आमच्याकडं उशिराच चालतेत सगळे" म्हणत थांबायचं नाही, डॉक्टरला दाखवायचं. मुलगा असेल तर डॉक्टर कधीकधी सीपीके नावाची रक्ताची तपासणी सांगतात, कारण स्नायू कमजोर होत जाण्याचा एक आजार मुख्यतः मुलग्यांमध्येच निघतो.

सातव्या-आठव्या महिन्यात झालेल्या लेकराचा हिशोब वेगळा. दोन महिने आधी झालं असेल तर आज सहा महिन्यांचं लेकरू चार महिन्यांचं धरायचं, आणि हा हिशोब दोन वर्षांचं होईपर्यंत चालतो. अशा लेकरांची एक तपासणी मात्र अजिबात चुकवू नका. जन्मतः वजन दोन किलोच्या आत किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्म असेल तर पहिल्या महिन्यातच डोळ्याच्या पडद्याची तपासणी झाली पाहिजे. वेळेत सापडलं तर डोळे वाचतात, चुकलं तर कायमची नजर जाऊ शकती. काचेच्या पेटीत राहिलेलं, जन्मल्यावर लगेच न रडलेलं, कावीळ लई वाढलेली, पहिल्या आठवड्यात झटके आलेले, या लेकरांना ठीक दिसत असलं तरी डॉक्टरनं दिलेल्या तारखांना न्यायचंच.

लोकांचा सगळा जीव पायांवर. "चालतंय का?" एवढंच विचारतेत. आमचं म्हणणं असं की पायांच्या आधी डोळे, कान आणि तोंडाकडं बघा, काही बिघाड असेल तर तो बऱ्याचदा तिथं महिनोन्महिने आधी दिसतो.

झोपेत तान्हं हसतं त्याला आपण सटवाई हसवती म्हणतो, ते हसू इथं धरायचं नाही. तुम्ही वाकून बोललात आणि लेकरू तुमच्या तोंडाकडं बघून हसलं ते खरं हसू, ते दीड-दोन महिन्यांत येतं. तीन महिने झाले तरी आलं नाही तर दाखवा. चार महिन्यांत मान धरली पाहिजे आणि मुठी सुटल्या पाहिजेत. आम्ही झबली घालून माप बघतो तेव्हा हे हाताला कळतं, एक हात सहज बाहीत जातो आणि दुसरा कोपरात दुमडलेला, अंगठा मुठीत दाबलेला, सोडवायला गेलं तर ताठ. किंवा लंगोट बांधताना मांड्या उघडतच नाहीत, काखेत धरून उभं केलं की पायाची कैची होती. आई म्हणती "लई ताकदीचं आहे हो." तो ताठपणा ताकदीचा नसतो, तो दाखवावाच लागतो. तसंच वर्षाच्या आत लेकरू सारखं एकच हात वापरत असेल तर "डावरं होणार" म्हणून हसण्यावारी नेऊ नका, दुसरा हात कमजोर आहे का ते आधी बघायचं असतं. (उलट अगदी ढिलं, उचललं की हातातून निसटतंय असं वाटणारं लेकरू, ते पण दाखवायचंच.)

सहा-सात महिन्यांचं लेकरू खुळखुळा हात पुढं करून घेतं, या हातातून त्या हातात करतं, तोंडात घालतं. नऊ-दहा महिन्यांत बाबाबा, दादादा सुरू, नावानं हाक मारली की वळतं, परका माणूस दिसला की आईच्या पदराला चिकटतं. वर्षाच्या आसपास टाटा करणं, टाळ्या, आणि मुरमुरा दोन बोटांच्या चिमटीत धरणं. फुटाणा, शेंगदाणा देऊन ही परीक्षा घेऊ नका, घशात अडकतो. बोटानं दाखवणं हे तर लई महत्त्वाचं, "ते बघ काऊ" असं लेकरू बोटानं दाखवतं आणि तुम्ही बघताय का म्हणून परत तुमच्याकडं बघतं. वर्ष झालं तरी ना बोट, ना टाटा, ना बडबड, सोळा महिने झाले तरी एक शब्द नाही, दोन वर्ष झाले तरी "आई ये", "पाणी दे" असे दोन शब्द स्वतःहून जोडत नाही, या प्रत्येकाला दवाखान्याची पायरी आहे. हाक मारली तर बघीना, नजर देईना, तासन् तास गाडीचं एकच चाक फिरवत बसतं, असं असेल तर दीड वर्षालाच सांगा, स्वमग्नतेसाठी (ऑटिझम) प्रश्न विचारून करायची तपासणी त्या वयात होती.

बोलायला उशीर झाला की घरात दोन निदानं तयार असतात. एक, "बाप पण चौथ्या वर्षी बोलला." दुसरं, "जीभ चिकटलीय, कापून घ्या." जीभ चिकटल्यानं उच्चार थोडे बोबडे होऊ शकतात, पण लेकरू बोलतच नाही त्याचं कारण ते नसतं. पहिली तपासणी कानाची. आणि इथं आपल्या भागातली एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कुणी राग मानू नका. मामाच्या पोरीशी, आत्याच्या पोराशी लग्न आपल्याकडं सर्रास, आणि अशा घरात जन्मतः बहिरेपणाची शक्यता जास्त असती. ज्यांचं लग्न नात्यात झालंय त्यांनी पहिल्या महिन्यातच कानाची तपासणी करून घ्यावी, लेकरू झोपलेलं असताना मशीननं होती, सुई नाही की काही नाही. बहिरेपण असेल तर तीन महिन्यांच्या आत पक्कं निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू, असं वेळापत्रक डॉक्टर धरतेत, कारण भाषा कानातून जाते.

घरी बघायचं तर टाळी वाजवून किंवा ताट आपटून बघू नका, थोडं ऐकू येणारं लेकरू पण त्यानं दचकतं आणि घर निर्धास्त होतं. सहा महिन्यांच्या पुढचं लेकरू आईच्या मांडीवर बसवा, समोर एकजण रुमाल हलवून त्याला गुंतवून ठेवेल, तिसऱ्यानं मागून, कानाच्या रेषेत, हातभर लांबून खुळखुळा हळू वाजवायचा. सावली पडू द्यायची नाही, बांगड्या वाजू द्यायच्या नाहीत, बांगड्यांनीच निम्मी परीक्षा फसते. मग दुसऱ्या बाजूनं. वळलं नाही तर कानाची तपासणी. वळलं आणि तरीही शंका वाटते, तरी कानाची तपासणी, खुळखुळा म्हणजे काही मशीन नव्हे.

डोळ्यांचं दोनच सांगतो. चार महिन्यांनंतर पण डोळा तिरळा दिसत असेल तर ते शुभ वगैरे काही नसतं, दाखवा. आणि बारशाचे मोबाईलवर फ्लॅश मारून काढलेले फोटो एकदा नीट मोठे करून बघा, दोन्ही बाहुल्या लाल दिसल्या तर ठीक, एक लाल आणि एक पांढरी चमकतीय असं परत परत दिसलं तर त्याच आठवड्यात डोळ्याचा डॉक्टर. मोतीबिंदू असू शकतो, क्वचित डोळ्यातली गाठ पण असती.

टोपडं घ्यायला येता तेव्हा आम्ही टेपनं डोकं मोजतो. पहिले तीन महिने घेर महिन्याला साधारण दोन सेंटिमीटर वाढतो, पुढचे तीन महिने एक, नंतर अर्धा. टोपडं लवकर लवकर लहान व्हायलंय, टाळू फुगलेली, डोळे खाली ओढल्यासारखे, किंवा उलट जुनंच टोपडं महिनोन्महिने येतंय, दोन्ही वेळा आम्ही सांगतो की एकदा दाखवून या. आम्ही डॉक्टर नाही, टेपचा आकडा तेवढा चिठ्ठीवर लिहून देतो.

आता ते, ज्यात एक दिवस पण थांबायचं नाही. तीन महिन्यांपासून वर्षापर्यंतचं लेकरू, बहुतेक झोपेतून उठल्यावर, एकदम मान खाली घालतं, दोन्ही हात पुढं फेकतं, सेकंद-दोन सेकंद, मग थांबतं आणि परत तसंच, अशी ओळीनं दहा-वीस वेळा. घरात म्हणतेत पोटात मुरडा, नाहीतर दृष्ट लागली. आवाजानं दचकणं एकदाच होतं, हे आवाज नसताना माळेसारखं येतं. मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि बालरोगतज्ज्ञाला त्याच दिवशी दाखवा, हा झटक्यांचाच प्रकार आहे, जेवढं थांबाल तेवढी बुद्धीची वाढ मागं जाते. मोठा झटका आला, डोळे फिरवले, तर लेकरू कुशीवर करा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, १०८ ला फोन करा.

दुसरं, आलेलं गेलं तर. हसणारं लेकरू हसेना, बसणारं कलंडायला लागलं, बोलत असलेले शब्द बंद झाले, वय काहीही असो, दाखवायचं. यात एक कारण आपल्या भागात ध्यानात ठेवायसारखं. लेकरू आठ-दहा महिन्यांचं, फक्त अंगावरच्या दुधावर, वरचं काही घेत नाही, आई शुद्ध शाकाहारी, दूध-दही पण बेताचंच. लेकरू दिसायला गुबगुबीत पण पांढुरकं, केस विरळ तांबूस, बोटांची पेरं काळवंडलेली, गप्प, कधी हातपाय थरथरतेत. बी १२ कमी पडल्यानं असं होतं, आईत कमी तर दुधात कमी. गळ्यातली माळ काढून मांस-मटण खा असं कुणी सांगत नाही, डॉक्टर औषध देतेत आणि लेकरू बऱ्याचदा काही दिवसांतच परत बघायला-हसायला लागतं, पण लई उशीर झाला तर काही कसर राहून जाती. सहा महिने झाले की वरचं खाणं सुरू करा, पातळ पाण्यासारखं नको, चमच्यावर टिकेल असं.

बाकीचं थोडक्यात. मध वर्षाच्या आत बोटभर पण नाही, बाळगुटीत घालून पण नाही. काजळात शिसं असू शकतं, तीट लावायचीच तर तळपायाला लावा, दृष्ट लागायला तिथं कोण बघतंय. दोन वर्षांच्या आत मोबाईल देऊ नका, घास भरवताना तर नाहीच, बोलायला उशीर झालेल्या लेकराला मोबाईलवरची गाणी काही बोलतं करत नाहीत, माणूस करतो. खेळणं आमच्याकडून घ्या की कुठून, आयएसआयचा शिक्का बघा, १ जानेवारी २०२१ पासून तो सक्तीचा आहे.

जायचं कुठं? आशाताई तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्याला घरी येतात, त्यांना खरं सांगा, "सगळं बरंय" म्हणून वाटेला लावू नका. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते, तिथले डॉक्टर लेकरू तपासून पुढं जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत (लहान लेकरांच्या तपासणी-उपचाराचं केंद्र) पाठवतात, कान, डोळे, फिजिओ, बोलण्याचे उपचार, पैसे लागत नाहीत. मोठं काही निघालं तर अंबाजोगाईचं मेडिकल कॉलेज आहे, संभाजीनगरला घाटीचा सरकारी दवाखाना आहे.

दसऱ्यानंतर टोळीसोबत ऊसतोडीला जाणाऱ्यांनी गरोदरपणात मिळालेलं माता-बाल कार्ड घरी पेटीत ठेवून जाऊ नये. त्यातच लसी आहेत, वजनं आहेत, कोणत्या महिन्यात लेकरानं काय करायला पाहिजे त्याची चित्रं पण आहेत. ते दाखवलं की कारखान्याकडच्या सरकारी दवाखान्यात पण पुढची लस मिळती. कार्ड कोपीत भिजतं, फाटतं, म्हणून चेनची प्लास्टिक पिशवी आम्ही फुकट देतोय, काही घेतलं नाही तरी चालेल, मागून घ्या.