बाळाच्या लघवीच्या मार्गात जन्मजात दोष: ऑपरेशनआधीच्या तपासण्या

जन्मल्या दिवशीची सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून निश्चिंत होऊ नका. पहिले 48 तास बाळाला लघवीच कमी होते, त्यामुळे आईच्या पोटात असताना सुजलेले दिसलेले मूत्रपिंड तेव्हा साधे दिसू शकते. म्हणून ही सोनोग्राफी तिसऱ्या दिवसानंतर करतात. मुलगा असेल, दोन्ही मूत्रपिंडे सुजलेली आणि मूत्राशय जाड असेल, तर मात्र थांबायचे नाही. तिथे मूत्रमार्गात पडदे, म्हणजे व्हॉल्व्ह, असण्याची शंका असते. त्याच दिवशी सोनोग्राफी करून बारीक फीडिंग ट्यूबने लघवी मोकळी करतात.

नागपूरच्या उन्हाळ्यात आणखी एक घोळ होतो. गडचिरोली किंवा बालाघाटहून दिवसभर एसटीत बसून नागपूरच्या मेडिकल, मेयो किंवा मिहानच्या एम्स या सरकारी रुग्णालयांत पोचलेले बाळ कोरडे पडलेले असते आणि सूज आहे त्यापेक्षा कमी दिसते. आधी त्याला पोटभर दूध पाजा. मूत्राशय भरलेले असताना आणि शू झाल्यावर, अशी दोन्ही वेळा मापे घ्यायला हवीत.

सगळ्यात जास्त बिघडते ती एमसीयू. यात नळीवाटे मूत्राशयात डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारे औषध, भरतात आणि बाळ शू करत असताना एक्स-रे घेतात. आधी लघवीचा कल्चर रिपोर्ट जंतुविरहित हवा, नाहीतर डायबरोबर जंतू मूत्रपिंडापर्यंत चढतात. डाय किती भरायचा याचा हिशोब सोपा आहे: वयात 2 मिळवा आणि 30 ने गुणा. चार वर्षांच्या मुलाला 180 मिली. वर्षाच्या आतल्या बाळाला वजनाच्या सातपट, म्हणजे 5 किलोला 35 मिली. डाय सिरिंजने दाबून भरू नये, बाटली टांगून आपोआप उतरू द्यावा. जोर लावला तर लघवी उलटी चढल्याचा खोटा निष्कर्ष निघतो. मुलाला तिरके झोपवून शू सुरू असतानाचाच फोटो घ्यावा लागतो, नाहीतर अख्खा मूत्रमार्ग दिसत नाही. मूत्राशय भरलेल्या अवस्थेतला फोटो घेऊन तपासणी थांबवली, तर व्हॉल्व्ह हमखास निसटतो. तान्ह्या बाळात तर दोन-तीनदा भरून पाहणे उत्तम, कारण पहिल्या खेपेला उलटा प्रवाह दिसेलच असे नाही.

मूत्रपिंड किती काम करते आणि लघवी कुठे अडते, हे डीटीपीए किंवा ईसी स्कॅन (शिरेतून किंचित किरणोत्सारी औषध देऊन घेतलेली चित्रे) सांगतो. तो साधारण सहा आठवड्यांनंतर करावा, त्याआधी मूत्रपिंड कच्चे असते. मूत्रपिंडावरचे कायमचे व्रण शोधणारा डीएमएसए हा त्याच प्रकारचा स्कॅन जंतुसंसर्गानंतर चार ते सहा महिन्यांनी करावा. घाई केली तर तात्पुरती सूजही व्रणासारखी दिसते.

दुर्बीण, म्हणजे सिस्टोस्कोपी, पूर्ण भूल देऊनच होते. अंगावरचे दूध 4 तास, वरचे दूध व अन्न 6 तास आणि साधे पाणी 2 तास आधी बंद. मे महिन्यात म्हणूनच सकाळचा पहिला नंबर मागून घ्यावा. आत सोडायचे सलाईन कोमट हवे, थंड असेल तर तान्हे बाळ गार पडते.

व्हॉल्व्ह ओळखण्यात एक मेख आहे. तो आत ढकलले की उघडणाऱ्या दारासारखा असतो. त्यामुळे नळी सहज आत जाते आणि ‘अडथळा नाही’ असे वाटते. दुर्बीण आधी मूत्राशयात नेऊन ते भरायचे, मग हळूहळू मागे घेत ओटीपोट हलके दाबायचे. प्रवाह बाहेर येऊ लागला की पडदे फुलून समोर येतात. बऱ्याचदा ते त्याच भुलेत कापतात, तेव्हा संमतिपत्रात तपासणी आणि पडदे कापणे या दोन्हींचा उल्लेख आहे ना ते पाहा.

मुलीला शू, योनी आणि शी मिळून एकच छिद्र असेल (क्लोएका), तर दुर्बिणीचे मोल सर्वांत जास्त. तिन्ही मार्ग जिथे एकत्र येतात तिथे टोक ठेवायचे, कातडीपाशी दुर्बिणीवर बोटाने खूण धरायची आणि बाहेर काढून मोजायचे. ही सामाईक वाट 3 सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर दुरुस्ती तुलनेने सोपी. जास्त असेल तर बहुधा पोट उघडावे लागते आणि टीमही अनुभवी लागते. त्याआधीच्या सोनोग्राफीत योनीत पाणी साठले आहे का, हे आवर्जून विचारा. ते मूत्रवाहिन्या दाबते, आणि बाहेर काढल्यावर मूत्रपिंडांची सूज अनेकदा उतरते.

दुर्बिणीनंतर एखादा दिवस लघवी किंचित लालसर आणि जळजळीची होते. मात्र ताप आला, रक्ताच्या गुठळ्या पडल्या किंवा सहा तासांत शू झालीच नाही, तर वॉर्डात लगेच परत यायचे. घर दूर असेल तर ती रात्र नागपुरातच काढावी.