अॅक्युट हार्ट फेल्युअर: मृत्यूचा धोका मोजण्यामागची पार्श्वभूमी

हृदयाचे पंपिंग एकाएकी अपुरे पडून (अॅक्युट हार्ट फेल्युअर) धाप लागलेला, दाखल झालेला रुग्ण वाचेल की नाही, याचा अंदाज बांधायची पहिली सुटसुटीत पद्धत १९६७ साली न्यूयॉर्कमधून आली. थॉमस किलिप आणि जॉन किंबॉल यांनी कोरोनरी केअर युनिटमधल्या हार्ट अटॅकच्या २५० रुग्णांचे चार गट पाडले. हार्ट फेल्युअरची एकही खूण नसलेले पहिल्या गटात. फुफ्फुसांच्या तळाशी करकर किंवा हृदयाचा तिसरा, म्हणजे नेहमीच्या दोन ठोक्यांपलीकडचा जादा ध्वनी ऐकू येणारे दुसऱ्यात. फुफ्फुसांत पाणी भरलेले तिसऱ्यात. रक्तदाब कोसळून शॉकमध्ये गेलेले चौथ्यात. मृत्यूचे प्रमाण अनुक्रमे ६, १७, ३८ आणि ८१ टक्के निघाले. साधने काय, तर स्टेथोस्कोप आणि रक्तदाबाचा पट्टा! पुढे १९७६ मध्ये फॉरेस्टर यांनी असेच चार गट हृदयात नळी (कॅथेटर) घालून मोजलेल्या दाबावर आणि रक्तप्रवाहावर बसवले. मात्र दोन्ही पद्धती हार्ट अटॅकच्या रुग्णांवर बेतलेल्या होत्या. वर्षानुवर्षे हृदय कमकुवत असलेला आणि आता एकाएकी बिघडलेला रुग्ण त्यांत नीट बसत नव्हता.

अशा रुग्णांची मोठी नोंदणी अमेरिकेत २००१ पासून ‘अॅडहिअर’ या नावाने सुरू झाली. २००५ साली ग्रेग फोनारो आणि सहकाऱ्यांनी तीतल्या ३३,०४६ वेळा दाखल झालेल्या रुग्णांच्या नोंदींतले ३९ घटक तपासले आणि शेवटी तीनच हाती ठेवले: बीयूएन (रक्तातल्या युरियामधला नायट्रोजन) ४३ किंवा जास्त, वरचा रक्तदाब ११५ पेक्षा कमी, क्रिएटिनिन (मूत्रपिंड बाहेर टाकते तो दुसरा टाकाऊ पदार्थ) २.७५ किंवा जास्त. पहिले दोन्ही नसतील तर रुग्णालयातील मृत्यू सुमारे २.१ टक्के, तिन्ही असतील तर २१.९ टक्के. या तिघांत हृदयाची पंपिंगची टक्केवारी, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, नाही. नातेवाईक नेमका तोच आकडा आधी विचारतात.

मूत्रपिंडाचा आकडा इतका बोलका का? हृदयाकडून पुरेसे रक्त पोचले नाही की शरीर रेनिन-अँजिओटेन्सिन आणि व्हॅसोप्रेसिन ही हार्मोन्स वाढवते. त्यांच्या प्रभावाखाली मूत्रपिंड पाणी धरून ठेवते आणि त्याबरोबर युरियाही परत शोषते. क्रिएटिनिन असे परत शोषले जात नाही. म्हणून युरिया मूत्रपिंडाच्या बिघाडाबरोबरच या हार्मोन्सची ओढही दाखवतो. सोडियम कमी असणे हेही धोक्याचे लक्षण असते, त्यामागे बहुतेकदा हेच साठलेले पाणी असते.

इथे एक चूक सहज होते. काही लॅब बीयूएन देतात, काही ब्लड युरिया. बीयूएनला २.१४ ने गुणले की युरिया मिळतो, म्हणजे ४३ चा उंबरठा युरियात सुमारे ९२ होतो. चाचणी कोणती ते न पाहता युरिया ५० ला ‘धोका’ म्हणणे चुकीचे. शिवाय हे उंबरठे दाखल होतानाच्या मोजमापांचे आहेत. तिसऱ्या दिवसाचा आकडा त्यांत घालू नये.

चढलेला रक्तदाब म्हणजे जास्त धोका, हा समज २००६ साली ‘ऑप्टिमाइझ-एचएफ’ या दुसऱ्या अमेरिकी नोंदणीने उलटा केला. ४८,६१२ रुग्णांत वरचा दाब १२० खाली असणाऱ्यांपैकी ७.२ टक्के दगावले, तर १६१ वर असणाऱ्यांपैकी १.७ टक्के. उच्च रक्तदाब हा हार्ट फेल्युअर घडवणारा आजार, पण दाखल होताना दाब चढलेला असेल तर हृदयात अजून जोर शिल्लक असतो आणि रक्तवाहिन्या सैल करणारी औषधे देता येतात. दाब ९०-१०० वर घसरला की तीच औषधे हातातून जातात.

हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या ट्रोपोनिन या प्रथिनाची भर २००८ मध्ये पडली: चाचणी पॉझिटिव्ह असलेल्यांत मृत्यू ८ टक्के, निगेटिव्हमध्ये २.७.

सर्वांत जास्त घोटाळा क्रिएटिनिनच्या उपचारादरम्यानच्या वाढीने घातला. ते ०.३ ने वाढले की लघवीची औषधे (डाययुरेटिक) आवरती घेण्याची सवय होती. २०११ च्या ‘डोस’ नावाच्या चाचणीत घरच्या तोंडी डोसच्या अडीच पट डाययुरेटिक शिरेतून दिलेल्या गटात अशी वाढ २३ टक्क्यांत दिसली, कमी डोसच्या गटात १४ टक्क्यांत. पण ६० दिवसांनंतरच्या परिणामांत फरक नव्हता. पुढच्या वर्षी मार्को मेत्रा यांच्या गटाने दाखवले की नुसती क्रिएटिनिनची वाढ फारशी घातक नसते. ती वाढलेली असताना अंगात पाणीही उरले असेल तर मात्र धोका वाढतो. म्हणून आकडा चढला तर औषध थांबवण्याआधी मानेच्या शिरा, पायांची सूज आणि दाखल झाल्यापासून वजन किती उतरले हे पाहावे लागते.